हुंकार देणारं कुणीतरी हवं

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘द गॉस्पेल ॲट कोलोनस’चं जुनं चित्रीकरण पाहिलं, गाण्यांनी भारावून गेलो. पण प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या नाटकात कृष्णवर्णीय अमेरिकन चर्चचं संगीत, म्हणजे गॉस्पेल, घातल्यावर ती शोकांतिका उरते का? आणि हे सगळं रंगमंचावर चालतं ते नेमकं कशामुळे?

दुसऱ्या भागापासून सुरुवात करते, कारण तो माझ्या रोजच्या कामातला आहे. मी २६ वर्षं नाटकांना संगीत देते आणि त्यातली बरीचशी वर्षं कोरस, म्हणजे एकत्र गाणारा समूह, बसवण्यात गेली आहेत. पहिल्यांदा ग्रीक नाटकाचा कोरस माझ्याकडे आला तेव्हा मी सगळे जे करतात तेच केलं. पंधरा मुलं घेतली, त्यांना एक चाल शिकवली, एका सुरात गायला लावलं आणि एकाच वेळी मान वळवायला लावली. तालमीत छान वाटलं. प्रयोगात मात्र कोरस सुरू झाला की प्रेक्षक खुर्चीत मागे टेकायचे आणि नटांचं बोलणं सुरू झालं की पुन्हा पुढे यायचे. मुलं सुरात होती, तालात होती, पण ती कुणाशी बोलतच नव्हती. नटाचं वाक्य संपायचं, मग यांचं गाणं सुरू व्हायचं. दोन्हींच्या मध्ये कुठलाही धागा नव्हता.

‘गॉस्पेल ॲट कोलोनस’ने तो धागा शोधून काढला. म्हणूनच ते माझ्या लेखी गाण्यांचं नाटक नाही, उत्तरांचं नाटक आहे.

ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. दिग्दर्शक ली ब्रूअर आणि संगीतकार बॉब टेल्सन यांनी हे नाटक १९८३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन अकादमी ऑफ म्युझिकमध्ये, नेक्स्ट वेव्ह महोत्सवात आणलं. १९८५ साली फिलाडेल्फियात त्याचं चित्रीकरण झालं. १९८८ च्या वसंतात ते ब्रॉडवेवर गेलं आणि तिथे त्याचे ६१ प्रयोग झाले. शब्द बहुतांशी सोफोक्लीसच्या ‘ईडिपस ॲट कोलोनस’च्या रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरातले आहेत, आणि त्यांनी डडली फिट्स यांच्याबरोबर केलेल्या सोफोक्लीसच्याच ‘अँटिगनी’च्या भाषांतरातले काही उतारेही त्यात आले आहेत. रचना अशी की रंगमंचावर पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथाची उपासना चालू आहे, आणि बायबलचा उतारा वाचावा तशी प्रवचनकार ईडिपसची कथा वाचतो, म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या राजाची. वाचता वाचता मंडळीतलीच, म्हणजे उपासनेला जमलेलीच, माणसं त्या कथेतली पात्रं होतात. संहितेत पात्रांची नावंच तशी आहेत: अथेन्सचा राजा थीसियस हा चर्चचा पाळक, ईडिपसचा मेहुणा क्रेऑन हा डीकन (चर्चचा सेवक), मुलगी अँटिगनी ही सुवार्तिक (शुभवर्तमान सांगणारी) आणि मुलगा पॉलिनायसीस हा साक्ष देणारा. ईडिपस दोन आहेत, एक बोलणारा आणि एक गाणारा. बोलणारा होता मॉर्गन फ्रीमन. गाणारा होता क्लॅरेन्स फाउंटन, आणि त्याच्याबरोबर त्याचे सगळे साथीदार, म्हणजे ‘फाइव्ह ब्लाइंड बॉइज ऑफ अलाबामा’.

हे साथीदार खरोखरचे अंध गायक. अलाबामा राज्यातल्या टॅलाडेगाच्या अंधशाळेत १९३९ च्या सुमारास ही मुलं एकत्र गाऊ लागली, आणि नाटक आलं तेव्हा त्यांच्या गाण्याला चाळीसहून जास्त वर्षं झाली होती. ते मंचावर येतात तेव्हा मागच्याचा हात पुढच्याच्या खांद्यावर असतो. हे कुणा दिग्दर्शकाने बसवलेलं नाही, ते आयुष्यभर असेच मंचावर येत आले. पण अँटिगनीच्या हाताला धरून आलेल्या आंधळ्या म्हाताऱ्याची गोष्ट चालू असताना ती रांग आत येते, तेव्हा ईडिपस एकटा माणूस राहत नाही. तो पाच गळ्यांतून गातो. एकाच्या दुःखाला किती आवाज लागतात, हे मला त्या प्रवेशाने शिकवलं.

आता मूळ मुद्दा, उत्तराचा.

शिकागोच्या साउथ साइडमध्ये एका रविवारी मी एका छोट्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते. पांढरे हातमोजे घातलेल्या वयस्क बायका दाराशी उभ्या होत्या, बाकांवर पुठ्ठ्याचे पंखे ठेवलेले होते. प्रवचनकार अगदी खालच्या आवाजात, जवळजवळ अडखळत बोलत होते. माझ्या पुढच्या बाकावरची एक बाई दर वाक्यानंतर ‘वेल’ म्हणत होती, आपल्याकडे गोष्ट ऐकणारा ‘हं’ म्हणतो तसं. मध्येच प्रवचनकारांना शब्द सापडेना, तेव्हा मागून एका पुरुषाचा आवाज आला, ‘टेक युअर टाइम’, आणि लगेच दुसरीकडून, ‘हेल्प हिम, लॉर्ड’. ऑर्गनवाला पट्ट्यांकडे पाहतच नव्हता, त्याची नजर प्रवचनकारांच्या खांद्यावर होती. खांदा किंचित वर झाला की तो एक स्वर द्यायचा. हळूहळू त्या स्वराने प्रवचनकारांचं बोलणं आपल्या पट्टीत ओढून घेतलं. बोलणं कधी संपलं आणि गाणं कधी सुरू झालं, ते मला सांगता येणार नाही. मी संगीतकार आहे, मी ते क्षण मोजायलाच बसले होते, तरीही नाही सांगता येणार.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पोवाड्यात शाहिराची ओळ जिथे टेकते तिथे झीलकरी ती उचलतात. कीर्तनात बुवा एक चरण सोडून देतात आणि टाळकरी तो पुरा करतात. अहमदनगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी तर रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या काळातच परदेशी स्तोत्रांच्या जोडीला अभंग आणि भजनं उपासनेत आणली. धर्म कुठलाही असो, माणसं एकत्र येऊन गातात तिथे बोलणारा आणि झेलणारा अशी जोडी तयार होतेच.

ग्रीक शोकांतिकेतही ती होती. आपण भाषांतरं वाचतो तेव्हा कोरसचं गाणं वेगळ्या पानावर, तिरप्या अक्षरांत छापलेलं असतं, आणि वाटतं की ही दोन प्रवेशांमधली विश्रांती आहे. पण या नाटकांत ‘कोमॉस’ नावाचा एक प्रकार आहे. नट आणि कोरस मिळून एकच शोक गातात, ओळीला ओळ, अर्ध्या ओळीला अर्धी ओळ. तो शब्दच छाती पिटण्यावरून आलेला आहे. कोलोनसच्या नाटकात, सोफोक्लीसच्या उरलेल्या सात नाटकांतलं हे सगळ्यात लांब, जवळजवळ १७८० ओळींचं, असं गाऊन केलेलं बोलणं पुन्हा पुन्हा येतं. त्यातला एक भाग मी विद्यार्थ्यांना नेहमी मोठ्याने म्हणायला लावते. कोलोनसचे म्हातारे ईडिपसला त्याचा जुना अपराध खोदून खोदून विचारतात. माझ्या मराठीत साधारण असं:

‘मारलंस?’ ‘मारलं. पण त्यात—’ ‘त्यात काय?’ ‘त्यात न्याय आहे.’ ‘कसला न्याय?’ ‘सांगतो. मला ठाऊक नव्हतं.’

हे एकट्याने वाचलं तर पोलीस चौकशी वाटते. पण ऑर्गनचा एक स्वर खाली धरा, विचारणारे पंधरा जण ठेवा आणि उत्तर देणाऱ्याचा श्वास पुरत नाही असं होऊ द्या. मग तेच ‘हेल्प हिम, लॉर्ड’ होतं. विचारणारे त्याला टोचत असतात आणि टोचता टोचता त्याच्याकडून ते सगळं वदवून घेऊन त्याला हलकंही करत असतात. ब्रूअर आणि टेल्सन यांनी काही नवं शोधलं असं मला वाटत नाही. २४०० वर्षांपूर्वी या नाटकात जे होतं आणि कागदावर येताना गळून पडलं, ते ब्रुकलिनच्या चर्चमध्ये दर रविवारी जिवंत होतं. त्यांनी दोन्हींची गाठ घालून दिली.

ते दोघेही गोरे होते आणि हे संगीत त्यांचं वारशाने नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. त्यांनी ब्रॉडवेचे गायक घेऊन त्यांना गॉस्पेलसारखं गायला शिकवलं नाही. ब्लाइंड बॉइज, सोल स्टरर्स, मिनियापोलिसची स्टील भावंडं, ब्रुकलिनचं इन्स्टिट्यूशनल रेडिओ क्वायर ही सगळी गॉस्पेलमध्ये मुरलेली माणसं होती. टेल्सनच्या चाली त्यांच्या गळ्यांतून गेल्यावरच खऱ्या झाल्या. कुणी असं काम हाती घेणार असेल तर त्याने आधी माणसं शोधावीत, चाली नंतर. मी स्वतः हे उलट्या क्रमाने करून पाहिलं आहे आणि तो प्रयोग कोरडा झाला.

आता, ईडिपसच्या गोष्टीतून हाच भाग का? सगळ्यांना ‘राजा ईडिपस’ माहीत असतो. पण ते नाटक तपासाचं आहे. एकेक साक्षीदार येतो, एकेक दुवा जुळतो, गती सारखी वाढत जाते. तिथे गाणं थांबलं की रहस्य गार पडतं. कोलोनसच्या नाटकात तपास संपलेला आहे. डोळे फोडून घेतलेला, वर्षानुवर्षं वणवण केलेला माणूस अथेन्सच्या वेशीवरच्या एका पवित्र राईत येतो आणि एका दगडावर बसतो. गावकरी म्हणतात ऊठ, नाव कळल्यावर म्हणतात चालता हो. राजा थीसियस त्याला आसरा देतो. क्रेऑन मुलींना पळवतो, थीसियस त्यांना परत आणतो. मुलगा येतो, बापाचे शाप घेऊन जातो. मग आकाश गडगडतं आणि म्हातारा मरायला निघतो. बसणं, आसरा मागणं, साक्ष देणं, निरोप घेणं, हे अंत्यविधीच्या उपासनेचेच टप्पे आहेत. उपासनेत माणसं थांबतात, एकच गोष्ट दहादा म्हणतात. हे नाटकही तसंच थांबत थांबत जातं.

सोफोक्लीसने हे नव्वदीच्या उंबरठ्यावर लिहिलं. कोलोनस हे त्याचं स्वतःचं गाव. तो इसवी सनपूर्व ४०६ च्या सुमारास गेला, दोनच वर्षांनी अथेन्स स्पार्टाविरुद्धचं युद्ध हरलं, आणि नाटक इसवी सनपूर्व ४०१ मध्ये त्याच्या नातवाने रंगमंचावर आणलं. पडलेल्या शहरातले लोक आपल्याच वेशीवरच्या राईचं गाणं ऐकत होते, कोकिळांसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांचं, ऑलिव्हच्या झाडांचं, घोड्यांचं. त्या प्रेक्षकांत किती जणांच्या घरात मृत्यू झाला असेल, याचा विचार केल्याशिवाय मी या नाटकाला हात लावत नाही.

गॉस्पेलही अशाच जागेतून आलेलं आहे. ज्यांना या संगीताचे जनक म्हणतात ते थॉमस डॉर्सी आधी ब्लूज वाजवायचे. १९३२ साली बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ बाळ गेलं, आणि त्यातून ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ हे गाणं आलं. माझा हात धर, एवढंच ते मागतं. कोलोनसमध्ये सबंध नाटकभर ईडिपसचा हात कुणीतरी धरलेला असतो. शेवटी मात्र गडगडाट झाल्यावर तो उठतो आणि म्हणतो, मला हात लावू नका, माझ्या मागून या. आंधळा पुढे आणि डोळस मागे. गॉस्पेलच्या कानाने हे नाटक ऐकलं की हा क्षण किती मोठा आहे ते कळतं.

संगीताच्या तंत्राबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण सगळं तीवरच उभं आहे. गॉस्पेलमध्ये गाण्याच्या शेवटी एक छोटा तुकडा धरतात आणि तो फिरत ठेवतात. त्याला ‘व्हॅम्प’ म्हणतात. समूह तेच तीन-चार शब्द म्हणत राहतो आणि मुख्य गायक त्यावर मोकळा होतो. पट्टी अर्ध्या स्वराने चढते, पुन्हा चढते. भजनात शेवटची ओळ धरून लय वाढवत नेतात, त्याच्या जवळचं हे आहे. नाटकाच्या दृष्टीने व्हॅम्पची लांबी आधी ठरवता येत नाही, आणि ठरवूही नये. आज समोरची माणसं उठून उभी राहिली तर तो लांबणार, नाही राहिली तर लवकर मिटणार. अशा नाटकाचा संगीत-संयोजक घड्याळावर चालणारा असून भागत नाही. त्या ऑर्गनवाल्यासारखी त्याची नजर कायम खांद्यावर हवी.

यातूनच एक अडचण येते. तिकीट काढून आलेला प्रेक्षक म्हणजे मंडळी नव्हे. त्याला ‘वेल’ म्हणायची सवय नाही, लाजही वाटते. म्हणून गायकसमूह प्रेक्षकांसमोर मंचावर बसवलेला आहे. प्रवचनकाराला तो झेलतो आणि ते बघून प्रेक्षक शिकतो. पहिल्या दहा मिनिटांत हे झालं नाही तर पुढचे दोन तास आपण छान गाण्यांचा कार्यक्रम बघतो.

आता प्रश्नाचा पहिला भाग: शोकांतिका उरते का? माझं मत, बऱ्याच अंशी उरते, पण दोन ठिकाणी गळते.

पहिलं ठिकाण पश्चात्तापाचं. चर्चची साक्ष सांगते: मी पापी होतो, मला क्षमा मिळाली. सोफोक्लीसचा ईडिपस असं काहीही म्हणत नाही. तो म्हणतो, मी केलं त्यापेक्षा माझ्यावर जास्त बेतलं, कायद्यासमोर मी निर्दोष आहे. तो क्षमा मागत नाही आणि मुलालाही क्षमा करत नाही. पॉलिनायसीस गुडघे टेकून येतो आणि बाप त्याला शाप देतो: भावाच्या हातून मरशील आणि भावाला मारशील. परत आलेल्या मुलाला बाप क्षमा करतो ती बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट ज्या मंडळीला तोंडपाठ आहे, त्या मंडळीसमोर हा शाप उच्चारणं सोपं नाही. ‘गॉस्पेल ॲट कोलोनस’मध्ये तो प्रवेश आहे, फ्रीमनचा राग खरा आहे, आणि त्या वेळी समूहाकडून येणारं उत्तर पातळ होतं. मला ती जागा फार मोलाची वाटते. तिथे शिवण दिसते, आणि दिसलीच पाहिजे. कुणी ती गाण्याने भरून काढायला गेलं तर मी हात जोडून अडवीन.

दुसरं ठिकाण ‘अँटिगनी’तून घेतलेल्या गाण्याचं. जगात अद्भुत गोष्टी अगणित आहेत, पण माणसाहून अद्भुत काही नाही, अशी ती ओळ. मूळ ग्रीक शब्द ‘डेइनॉस’ आहे. त्याचा अर्थ अद्भुतही होतो आणि भयंकरही. माणूस समुद्र ओलांडतो, आजारांवर उपाय शोधतो, आणि तोच स्वतःचं गाव बुडवू शकतो. इंग्रजीत आणि मग गॉस्पेलच्या उल्हासात त्यातलं भयंकर निसटलं. गाणं अप्रतिम आहे, मी ते कितीदा ऐकलं असेल. पण ऐकताना दर वेळी तो हरवलेला अर्धा शब्द आठवतो.

याच्या उलट एका जागी गॉस्पेलने मुळालाही मागे टाकलं असं मी म्हणेन: दूताचा वृत्तान्त. मूळ नाटकात ईडिपसचा मृत्यू मंचावर दिसत नाही. दूत येऊन सांगतो की त्याने मुलींना जवळ घेतलं आणि म्हणाला, एका शब्दाने सगळे कष्ट फिटतात, तो शब्द प्रेम. मग कुणा देवाचा आवाज आला, ईडिपस, का थांबलोय आपण? थीसियसखेरीज कुणी पुढचं पाहिलं नाही. शाळेत हा परिच्छेद लांबलचक भाषण म्हणून शिकवतात. प्रवचनकाराच्या तोंडी तो येतो तेव्हा तो आधीपासूनच प्रवचन होता असं वाटतं. जे कुणी पाहिलं नाही ते शब्दांनी दाखवायचं, हेच तर प्रवचनकाराचं काम.

शेवटाबद्दल माझ्या मनात अजून झगडा आहे. ‘गॉस्पेल ॲट कोलोनस’मध्ये ईडिपस पुन्हा उठवला जातो, ‘लिफ्ट हिम अप’ हे गाणं होतं आणि सभागृह उभं राहतं. सोफोक्लीसकडे पुनरुत्थान नाही. त्याच्याकडे एक गुप्त जागा आहे, जिथे तो नाहीसा झाला आणि जी अथेन्सचं रक्षण करील. मी तरीही ते गाणं काढणार नाही, कारण त्या मंडळीला ते गाणं गायल्याशिवाय घरी जाता येत नाही. पण त्यानंतर येणारं ‘नाऊ लेट द वीपिंग सीज’ मी वेगळं बसवीन. आता रडणं थांबू दे, हे शब्द मूळ नाटकाचेही जवळजवळ शेवटचे शब्द आहेत, आणि तिथे कोरस ते अँटिगनीला ऐकवतो. तिला बापाचं थडगं बघायचंय, तिला नकार मिळतो. मग ती म्हणते, आम्हाला थीब्जला पाठवा, भाऊ एकमेकांना मारण्याआधी त्यांना अडवता आलं तर बघू. पुढे ती भावाला मूठमाती देते आणि त्यापायी जीव गमावते, हे आपल्याला ‘अँटिगनी’तून माहीत आहे. म्हणून माझ्या प्रयोगात समूह ते शांत गीत गात असताना अँटिगनी समूहात नसेल. ती प्रवासाच्या कपड्यांत, प्रेक्षकांकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभी असेल, आणि गाणं संपायच्या आधी निघून जाईल.